ऐन हंगामात कारखाना थांबतो, तेव्हा आत काय चालते?



गळीत हंगाम ऐन भरात आलेला असतो. टोळ्या फडात उतरलेल्या असतात, गव्हाणीपुढे बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग लागलेली असते, आणि अशात गट ऑफिसच्या फळ्यावर खडूने लिहिलेले दिसते, "जनरल क्लिनिंगसाठी गाळप बंद राहील." मग बिचाऱ्या चिटबॉयवर प्रश्नांचा भडिमार सुरू होतो. "गेल्या पंधरवड्यातच केलं होतं की क्लिनिंग, आता परत कशाला?" "पावसाळाभर कारखाना बंद असतो, तेव्हा काय झोपा काढता का?" "आमचा ऊस वाळतोय आणि तुम्ही भांडी घासत बसलाय!"

हा शेवटचा टोमणा रागाने मारलेला असला तरी बोलणारा चुकीचे बोलत नाही. त्या दिवशी कारखान्यात खरोखरच भांडी घासण्याचे काम चालते. ही भांडी मात्र घराएवढी उंच असतात, त्यांच्या पोटात हजारो नळ्या असतात, आणि त्या घासल्या नाहीत तर शेतातला उरलेला ऊस वेळेवर गाळला जाणार नाही. म्हणून हा बंद कशासाठी असतो, त्यात काय करतात आणि त्यात घाई का करू नये, हे सभासदांना नीट समजावे एवढ्यासाठी हा लेख.

काहिलीपासून सुरुवात करू

गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना साखर कारखाना समजायला अवघड नाही. काहिलीत रस ओतायचा, चुलवाणात चिपाडाचा जाळ घालायचा, पाण्याची वाफ होऊन ती आभाळात जाते आणि खाली गूळ उरतो. कारखान्यातही मुख्य काम रस आटवण्याचेच. काहिलीवरची वाफ फुकट जाते. कारखान्यात ती फुकट जाऊ देत नाहीत, एवढा फरक.

आता हिशेब बघा. उसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. शिवाय चोथ्यात राहिलेली साखर धुऊन घेण्यासाठी मिलवर आणखी पाणी सोडतात. त्यामुळे १०० टन ऊस गाळला की ढोबळमानाने १०० टन रस आटवायला येतो. या रसाचा ब्रिक्स १५ धरू. (तोडणीच्या आधी शेतकी खात्याचा माणूस फडात येऊन लहानशा दुर्बिणीसारख्या उपकरणातून जो ब्रिक्स बघतो, तोच हा.) म्हणजे १०० टन रसात १५ टन विरघळलेला माल आणि ८५ टन पाणी. तो ६० ब्रिक्सपर्यंत आटवला की २५ टन पाक उरतो आणि ७५ टन पाणी वाफ होऊन जाते. रोज २,५०० टन गाळणाऱ्या कारखान्यात हेच पाणी दिवसाला १,८७५ टन भरते. उघड्या काहिलीत एवढे आटवायचे म्हटले तर चिपाड तर संपेलच, पण तालुक्यातले जळणसुद्धा पुरायचे नाही.

यावर तोड काढली ती नॉर्बर्ट रिलियू नावाच्या अमेरिकन इंजिनियरने. लुइझियानाच्या ऊसपट्ट्यात न्यू ऑर्लिन्स येथे १८०६ साली त्याचा जन्म झाला. आई कृष्णवर्णीय, त्यामुळे आपल्याच गावात त्याला बरोबरीची वागणूक नव्हती. त्याच्या भागात तेव्हा गुलाम मजूर एका कढईतून दुसऱ्या कढईत उकळता रस पळ्यांनी ओतत असत. रिलियूने १८४३ साली आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. कल्पना अशी की बंद भांडी एकापुढे एक जोडायची. पहिल्या भांड्यातला रस वाफेवर उकळायचा, त्या रसातून निघालेल्या वाफेवर दुसऱ्या भांड्यातला रस उकळायचा, दुसऱ्याच्या वाफेवर तिसऱ्यातला आणि तिसऱ्याच्या वाफेवर चौथ्यातला. कारखान्यात या भांड्यांना आपण बॉडी म्हणतो आणि चौघींना मिळून क्वाड. कुठे कुठे पाचही असतात.

कोणी विचारील, की पहिल्यातून निघालेली वाफ मूळ वाफेपेक्षा थंड, दुसऱ्यातली त्याहून थंड, मग तिच्यावर पुढचा रस उकळतो कसा? महाबळेश्वरला पाणी सपाटीपेक्षा लवकर उकळते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. वर हवेचा दाब कमी, म्हणून. बॉडीतही तसेच, पुढच्या प्रत्येक बॉडीत दाब कमी कमी ठेवतात. शेवटच्या बॉडीत २६ इंचांच्या आसपास व्हॅक्यूम असतो आणि तिथे रस ५५ अंशांच्या सुमारास खळखळत असतो. या युक्तीने एक टन वाफेत जवळजवळ चार टन पाणी आटते. ७५ टन पाण्यासाठी १९-२० टन वाफ पुरते. सगळी कारखानदारी या एका गोष्टीवर उभी आहे.

या बॉडीच्या आत उभ्या नळ्या असतात. नळीच्या आतून रस, बाहेरून वाफ. दीड-पावणेदोन इंच रुंदीची आणि दोन मीटर उंचीची नळी घेतली आणि अशा २,००० नळ्या एका बॉडीत धरल्या, तर त्यांचा तापणारा पृष्ठभाग साडेपाच गुंठ्यांच्या आसपास भरतो. म्हणजे एका बॉडीत पाच-साडेपाच गुंठ्यांचा तवा गुंडाळून ठेवलेला आहे म्हणा ना. तो तवा स्वच्छ आहे तोवर सगळे सुरळीत.

खपली येते कुठून

विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यावर चालणारा तांब्याचा बंब वर्षभराने उघडला तर आत पांढरा टणक थर सापडतो. हल्ली घरोघर सोलर बसले आहेत, त्यांच्या नळ्याही असल्याच थराने चोंदतात. पाण्यातले क्षार तापल्यावर धातूला चिकटतात, त्याचा हा थर. उसाच्या रसात तर बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त गोष्टी विरघळलेल्या असतात.

रस साफ करण्यासाठी त्यात चुन्याचे पाणी घालतात आणि गंधक जाळून त्याचा वायू सोडतात. मळ खाली बसतो, वर निवळ रस येतो. हा रस दिसायला स्वच्छ असला तरी त्यात चुन्याचे काही क्षार, फॉस्फेट आणि सिलिका विरघळून राहतातच. रस दाट होत गेला की त्यांना विरघळून राहायला पाणी पुरत नाही. मग ते गरम नळीच्या अंगाला धरतात. ज्यूस हीटरमध्ये आणि पहिल्या बॉडीत जो थर बसतो तो बहुधा फॉस्फेटचा आणि सेंद्रिय मळाचा, तपकिरी आणि मऊसर. शेवटच्या बॉडीतला थर मात्र सिलिका आणि कॅल्शियम सल्फेटचा, नख लावले तर नखच मोडेल असा.

आणि इथे आपल्या सभासदांचाही संबंध येतो, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उसाचा पाला अंगाला कापतो तो त्यातल्या सिलिकेमुळे. मोळीबरोबर पाचट आले, वाढे नीट छाटले गेले नाहीत, पावसानंतरच्या तोडीत बुडख्याला माती तशीच राहिली, तर ती सिलिका आणि माती मिलमध्ये रोलर झिजवते आणि उरलेली रसाबरोबर पुढे सरकते. गाडीत आलेल्या चार पाट्या मातीचे वजन काट्यावर मिळाले असे एखाद्याला वाटते, पण तिची किंमत सगळ्यांच्या खात्यातून वजा होते. खारवट जमिनीतल्या उसाच्या रसातही क्षार जास्त येतात. त्याला इलाज जमीन सुधारण्याचाच, तो लगेच होण्यासारखा नाही. स्वच्छ तोड मात्र आपल्या आणि मुकादमाच्या हातातली गोष्ट आहे.

खपली बसली की काय बिघडते

लोखंडातून उष्णता जितक्या सहज जाते, त्या मानाने या खपलीतून ती निदान पंधरा-वीस पट मंद जाते. सिलिकेचा थर असेल तर त्याहूनही मंद. पत्र्याच्या तव्यावर मातीचा लेप देऊन भाकरी भाजायला घेतल्यासारखे. जाळ तेवढाच, भाकरी मात्र कच्ची.

क्वाडवरच्या माणसाला हे आधी घड्याळांवर दिसते. पहिल्या बॉडीतला वाफेचा दाब चढू लागतो, कारण वाफ शोषली जात नाही. पाकाचा ब्रिक्स ६० वरून ५८, ५५, ५२ असा घसरतो. हा घसरलेला ब्रिक्स कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून त्याचाही हिशेब करू. १०० टन रस ५० ब्रिक्सपर्यंतच आटला तर २५ ऐवजी ३० टन पाक निघतो. म्हणजे ५ टन पाणी जास्तीचे पुढे पॅनवर गेले. पॅनमध्ये काही चार भांड्यांची साखळी नाही. तिथे टनाला टन वाफ लागते. क्वाडमध्ये जे पाणी सव्वा टन वाफेत गेले असते, त्याला आता पाच टन वाफ लागली. पावणेचार टन वाफ जादा. एक टन बगॅसमध्ये साधारण २.२ टन वाफ होते असे धरले, तर १०० टन उसामागे १.७ टन बगॅस वाया. रोज २,५०० टन गाळप असेल तर रोजचे ४० टनांच्या वर. हल्ली पुष्कळ ठिकाणी पॅनला मूळ वाफेऐवजी पहिल्या-दुसऱ्या बॉडीतली वाफ देतात, तिथे हा आकडा खाली येईल, पण नुकसान नुकसानच. ज्या कारखान्यांनी सहवीजनिर्मिती सुरू केली आहे, तिथे तर वाचलेला बगॅस म्हणजे विकता येणारी वीज. जिथे बगॅस कमी पडतो तिथे लाकूड विकत आणून बॉयलर पेटता ठेवावा लागतो, आणि तो खर्च शेवटी ऊसदरातून निघतो.

बगॅसचे जाऊ द्या. मुख्य अडचण अशी की रस आटत नाही म्हटल्यावर मिल हळू चालवावी लागते. समजा, क्लिनिंग पाच दिवस पुढे ढकलले आणि त्या दिवसांत २,५०० ऐवजी २,२०० टनच ऊस जाऊ लागला. पाच दिवसांत १,५०० टनांचे गाळप गेले. पुढे ढकललेला बंद काही टळला नाही, तो घ्यावा लागणारच आहे. उलट पाच दिवस भाजून कडक झालेली खपली काढायला वेळ जास्त लागणार. शिवाय वाफेचा दाब चढवून काम रेटले तर पहिल्या बॉडीत रस जास्त तापतो, साखरेचा काही भाग फुटून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि रंगही चढतो. फुटलेल्या साखरेचे दाणे बनत नाहीत, ती मळीत जाते. उतारा खाली आला की त्याचा फटका कुणाला बसतो, हे सभासदांना सांगायला नको.

म्हणून पंधरा ते वीस दिवसांनी थांबणे हे कुणाच्या लहरीवर नसते. तारीख ठरते ती क्वाडच्या नोंदवहीवरून. कुठल्या रसाला बारा दिवसांत थांबावे लागते, कुठल्याला पंचवीस दिवस काही होत नाही. आणि "पावसाळ्यात का करत नाही?" याला उत्तर एवढेच, की पावसाळ्यात नळ्या साफ करून ठेवलेल्याच असतात, खपली हंगामातल्या रसाने बसते. जेवणाची ताटे वर्षातून एकदाच घासून कसे चालेल? ज्यूस हीटरला एक जादाचा जोडीदार असतो, त्यामुळे ते गाळप न थांबवता आलटूनपालटून साफ होतात. काही कारखान्यांत जादाची बॉडीही आहे. पण तिला पैसा आणि जागा लागते, सगळ्यांना ते परवडत नाही.

सोडा, ॲसिड आणि ब्रश

गव्हाण थांबली म्हणजे लगेच क्लिनिंग सुरू होते असे नाही. आतला रस, पाक, पॅनमधला माल संपवत नेण्यात काही तास जातात. बॉडी रिकामी झाली की पाण्याने विसळतात. मग कॉस्टिक सोड्याचे पाणी नळ्या बुडतील इतके भरतात, त्याची ताकद १० ते २० टक्क्यांच्या घरात असते आणि त्यात बहुतेक ठिकाणी धुण्याचा सोडाही घालतात. वाफ लावून चार-सहा तास उकळायचे. बाहेरून बघणाऱ्याला या वेळी कारखान्यात कोणी काहीच करत नाही असे वाटते. पण खरे काम याच वेळी होते. सोडा खपलीतला सेंद्रिय मळ सैल करतो, सिलिका थोडीफार विरघळवतो, आणि धुण्याचा सोडा कॅल्शियम सल्फेटचे रूपांतर कार्बोनेटमध्ये करतो. सल्फेट ॲसिडला दाद देत नाही, कार्बोनेट ॲसिडमध्ये फसफसून विरघळते. लिंबू पिळल्यावर शहाबादी फरशीवर बुडबुडे येतात तोच प्रकार. उकळी दोन तास कमी केली तर पुढचे ब्रशवाले चार तास झगडतात, म्हणून यात काटकसर करण्यात अर्थ नाही. वापरलेला सोडा फेकत नाहीत. टाकीत परत घेऊन, ताकद तपासून, भर घालून पुन्हा वापरतात.

त्यानंतर स्वच्छ पाण्याने विसळून, गरज असेल तरच ॲसिड. जुन्या पितळी किंवा लोखंडी नळ्यांना मिठाचे ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, अगदी पातळ करून आणि धातू खाऊ नये म्हणून त्यात इनहिबिटर घालून देतात. नळ्या स्टेनलेस स्टीलच्या असतील तर हायड्रोक्लोरिक चालत नाही, त्यातले क्लोराइड स्टेनलेसला बारीक भोके पाडते. तिथे सल्फॅमिक ॲसिड वापरतात. सोडा पुरता धुऊन निघाल्याशिवाय ॲसिड घालायचे नाही, दोन्ही एकत्र आले की भडका उडाल्यासारखे तापते. पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतायचे, ॲसिडमध्ये पाणी कधीही नाही.

शेवटी ब्रश. लवचीक शाफ्टच्या टोकाला कटर किंवा तारेचा ब्रश, दुसऱ्या टोकाला मोटर. माणूस वरच्या प्लेटवर बसतो आणि एकेक नळी वरून खाली करत जातो. दोन हजार नळ्या म्हणजे दोन हजार वेळा. झालेल्या नळीवर खडूची खूण. सगळे झाल्यावर खाली दिवा धरतात आणि वरून प्रत्येक नळीतून बघतात. उजेड गोल दिसला पाहिजे, कडेला कातरलेला दिसला तर ती नळी पुन्हा. नळी चांदीसारखी लखलखली पाहिजे असा काही फोरमन लोकांचा हट्ट असतो, तो मात्र बरा नव्हे. कटर जोरात चालवला की धातूवर ओरखडे पडतात, आणि पुढची खपली त्याच ओरखड्यात आधी घर करते. पातळ राहिलेला मऊ थर पुढच्या सोड्यात जातो.

काही ठिकाणी आता कटरऐवजी उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा वापरतात. काम लवकर होते, धातूही झिजत नाही. मात्र ही धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत मांस फाटलेले असते. तेव्हा पट्टी बांधून कामाला न लावता त्या माणसाला लगेच दवाखान्यात न्यावे लागते.

शेवटी वाफेच्या बाजूला पाणी भरून गळती बघतात. एखादी नळी झिरपत असेल तर ती ठोकून घट्ट करतात, नाहीतर बूच मारतात. ही गळती वरवर क्षुल्लक, पण तिच्यातून रस वाफेच्या पाण्यात जातो, ते पाणी बॉयलरला जाते, आणि साखर बॉयलरमध्ये गेली की तिथे फेस आणि ॲसिड तयार होऊन नळ्या खराब होतात. म्हणून प्रयोगशाळेत बॉयलरच्या पाण्यात अल्फा नॅफ्थॉल टाकून बघतात. जांभळे कडे दिसले की साखर आली.

एक गोष्ट ओढ्याकाठच्या सभासदांसाठी. धुतलेला सोडा आणि ॲसिडचे पाणी नाल्यात सोडायचे नसते. ते सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत साठवून, आंबटपणा-खारटपणा मारून, थोडे थोडे करून पुढे घ्यावे लागते. क्लिनिंगच्या दिवशी ओढ्याचे पाणी बुळबुळीत झाले किंवा फेसाळले, तर कारखान्याला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आत उतरणाऱ्याचा जीव

क्लिनिंगमध्ये सगळ्यात नाजूक काम म्हणजे झाकण उघडून माणसाने बॉडीत, टाकीत किंवा पॅनमध्ये उतरणे. उतरायला बहुधा रोजंदारीवर आलेली तरणी पोरे असतात. ती आपल्याच गावांतली असतात.

जुन्या विहिरीचा गाळ काढायला किंवा गोबरगॅसच्या टाकीत उतरलेला माणूस पडला, त्याला काढायला दुसरा उतरला आणि तोही पडला, असे प्रसंग आपल्याकडे पुष्कळांच्या ऐकण्यात आहेत. कारखान्यातही धोका तोच. तळाशी राहिलेला रस आंबला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो हवेपेक्षा जड, खालीच बसून राहतो. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो; त्याला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास गेला असे वाटते. ॲसिड धातूला लागले की हायड्रोजन निघतो, तो ठिणगीने पेटतो. म्हणून विहिरीत कंदील सोडून बघायची जुनी रीत इथे चालवू नये. कंदील प्राणवायू कमी आहे एवढेच सांगतो, विषारी वायूचे काही सांगत नाही आणि हायड्रोजन असेल तर कंदीलच घात करतो. वायू मोजायचे मीटर असते, ते आत सोडून बघायचे. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्क्यांच्या आसपास असतो, आत १९.५ च्या खाली असेल तर कोणी उतरायचे नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमातच या कामाच्या अटी स्पष्ट घातल्या होत्या. कलम ३६ प्रमाणे पुरेसे मोठे मॅनहोल हवे, आणि जागा वायूमुक्त असल्याचा जाणकार माणसाचा लेखी दाखला हवा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनाचे साधन आणि कमरेला पट्टा, त्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. कलम ३६-अ प्रमाणे आत न्यायचा हातदिवा २४ व्होल्टच्या वर नको. ओल्या लोखंडी भांड्यात घरातला २३० व्होल्टचा दिवा नेणे म्हणजे काय, हे वायरमनला विचारा.

त्याशिवाय शेजारच्या बॉडीकडून येणारे वाफेचे आणि रसाचे व्हॉल्व्ह नुसते बंद करून भागत नाही. त्यांना कुलूप घालावे, पाटी लावावी आणि मोठ्या लाइनीत ब्लँक प्लेट घालावी. शिफ्ट बदलते, नवा माणूस येतो, त्याला आत कोण आहे हे माहीत नसते. या सगळ्याला दोन-तीन तास जातात. नेमक्या याच वेळी फोरमनला फोन येऊ लागतात, "कधी सुरू करताय? गाड्या तटल्यात." असा फोन सभासदाने करू नये आणि पदाधिकाऱ्यांनी तर मुळीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन तास उशिराने सुटलेला ऊस उद्या गाळता येतो.

थंड करणारी बाजू

तापवणाऱ्या नळ्यांबद्दल सगळे बोलतात, पण शेवटच्या बॉडीतला आणि पॅनमधला व्हॅक्यूम टिकतो तो थंड पाण्यावर. तिथली वाफ उंचावरच्या कंडेन्सरमध्ये थंड पाण्याच्या धारांत विरते आणि पाणी ३४ फुटांच्या वर उंच नळातून खाली येते. हे कोमट झालेले पाणी फवारा तळ्यात किंवा कूलिंग टॉवरवर उडवून पुन्हा गार करतात. माठातले पाणी गार होते त्याच नियमाने हेही होते: थोडे पाणी उडून जाते आणि जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन जाते. जुन्या माठाची छिद्रे बुजली, तो झिरपेनासा झाला की पाणी गार होत नाही. तळ्यातले नोझल गाळाने आणि शेवाळाने बुजले की तेच होते. फवारा उडण्याऐवजी नुसती धार पडते, पाणी गरम राहते, व्हॅक्यूम २६ वरून २४ वर येतो, आणि शेवटच्या बॉडीत रस उकळायला जादा तापमान लागते. म्हणजे नळ्या कितीही घासल्या तरी इकडचे दुर्लक्ष तिकडे भोवते.

बॉडी जोरात उकळली की रसाचे तुषार वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये जातात. गेली ती साखर गेलीच, वर ती तळ्याच्या पाण्यात आंबते, पाणी आंबट होऊन पंप आणि पाइप खाते, आणि तिच्यावर बुळबुळीत शेवाळ पोसते. म्हणून तळ्याच्या पाण्यात साखर आहे का हे रोज तपासावे लागते, चुना घालून आंबटपणा मारावा लागतो, नोझल काढून धुवावे लागतात. तळ्याचा गाळ मात्र पावसाळ्याच्या आधी, गाळप संपल्यावरच निघतो. बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी-राख आणि इकॉनॉमायझरची सफाई हीही बरीचशी तेव्हाच होते.

बंदच्या दिवसांत उसाचे काय

तोडलेला ऊस जितका पडून राहील तितके त्याचे वजन घटते आणि आतली साखर फुटते, उन्हाळ्याच्या तोंडाला तर जास्तच. म्हणून क्लिनिंगची तारीख शेतकी खात्याला आधी कळवली जाते आणि बंदच्या आदल्या दिवशी तोडीच्या चिठ्ठ्या कमी केल्या जातात. या वेळी काही सभासद मुकादमाला गाठून, "टोळी रिकामी बसलीय, तोडून तर ठेवा" म्हणतात. असा तोडून ठेवलेला ऊस काट्यावर हलका भरतो, आणि शिळ्या उसाचा रस चिकट होऊन साफ होत नाही, त्यामुळे नुकत्याच घासलेल्या नळ्या लवकर खराब होतात. ज्यांची तोड त्या दिवशी यायची होती त्यांनी फड तसाच उभा ठेवावा, उभ्या उसाचे एका दिवसाने काही बिघडत नाही. गव्हाण सुरू होण्याच्या सात-आठ तास आधी गट ऑफिसकडून टोळ्यांना निरोप जातो, मग तो मध्यरात्रीचा का असेना. कारण पहिली गाडी काट्यावर उभी राहते त्या सुमारास बॉडीत पाण्यावर वाफ चढवून, व्हॅक्यूम ओढून ठेवलेला असतो आणि क्वाड ताज्या रसाची वाट बघत असते.